झिणझिण्या

मी अ‍ॅम्प बोलतोय. गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. एखाद्या बँडचा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल, तर गाणाऱ्याच्या पाठीमागे खाली बसलेलं काळं खोकं आठवा. तो मी. माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि जाऊ नये अशीच माझी जागा असते. मला ज्यांना काही सांगायचं होतं, त्यांना माझं बोलणं म्हणजे नुसती घुर्रघुर्र वाटायची. म्हणून आता तुम्हालाच सांगतो.

मी भित्रा आहे. पडायची भीती मला वाटत नाही, जुना झालो म्हणून कुणी टाकून देईल याचीही फारशी नाही. मला माझ्याच अंगाची भीती वाटते. का, ते ओघात कळेलच.

एका लांबट, खिडक्या नसलेल्या खोलीत माझा जन्म झाला. जाड भिंगाचा चष्मा लावणारी एक बाई टेबलाशी बसून आम्हाला जोडायची. माझं बाहेरचं अंग लाकडी, पण आत पत्र्याचं ताट आहे, आणि सगळे भाग त्या ताटात बसवलेले आहेत. बाईनं त्या पत्र्याला सगळ्यात आधी एक हिरवी तार जोडली. ती ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, मगच पुढच्या कामाला लागली.

ही हिरवी तार म्हणजे अर्थिंग. एरवी ती काहीच करत नाही. पण कधी आत काही बिघडलं आणि वीज चुकून माझ्या पत्र्यात उतरली, तर ती गुपचूप जमिनीत नेऊन सोडायची, एवढंच तिचं काम. गिटारच्या तारा वायरीतून माझ्या पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत जाऊ शकते. ती हिरवी तार होती म्हणून मी निर्धास्त होतो.

माझा पहिला मालक हॉटेलात वाजवायचा. लोक जेवत असायचे आणि तो कोपऱ्यात बसून हळू आवाजात गिटार छेडायचा. काम झालं की माझ्यावर चादर घालायचा, जशी कुणी झोपलेल्या पोरावर घालावी. पुढे त्याची बोटं आखडली आणि त्यानं मला मामाच्या हवाली केलं.

मामा हा खरोखरच मामा होता. बँड तिघांचा. ताई गिटार वाजवायची आणि गायची. तिचा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. आणि बेस गिटारवर त्यांचा मामा, आईचा शेंडेफळ भाऊ, ताईपेक्षा जेमतेम काही वर्षांनी मोठा. भाचरं त्याला अरेतुरे करायची, तरी शेवटी ऐकायची त्याचंच. व्हॅन तो चालवायचा, कार्यक्रम तो ठरवायचा. दिवसा फर्निचरच्या दुकानात लोकांना सोफ्यावर बसवून पाहायचा. ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि धाकटा घरोघरी पार्सलं पोचवायचा. कामावरून आले की तिघं एका गोदामामागच्या खोलीत जमायचे. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, मध्ये एक पंखा, आणि तो पंखा गाणं सुरू झालं की बंद करायचा, कारण माइकमध्ये त्याचा आवाज यायचा. मग तिघं घामाघूम होऊन एकच कडवं पुन्हा पुन्हा घोळवत बसायचे.

ताईबद्दल एक सांगायला हवं. मी यायच्या आधी कधीतरी भर कार्यक्रमात तिचा श्वास अडकला होता. शब्द आठवेनात, हात गार पडले, आणि ती गिटार ठेवून स्टेजवरून उतरून गेली होती. नंतर कितीतरी दिवस तिनं गाण्याचं नाव काढलं नाही. मामानंच तिला परत आणलं. रोज स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचा आणि बेस वाजवत राहायचा. ती भांडी घासता घासता गुणगुणायला लागली, मग एक दिवस हात पुसून गिटार घेतली. हे मला धाकट्याच्या बोलण्यातून कळलं. मामाचा तिच्यावर जीव होता, हे ध्यानात ठेवा. त्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही.

गाणी रेकॉर्ड करायची ठरली तेव्हा माझ्या आवाजात घुर्र यायला लागली. खोलीतल्या वायरिंगचा दोष होता, माझा नव्हता. पण सगळी चिडचिड माझ्यावर. मामानं इकडचं बटण फिरवलं, तिकडची वायर हलवली, मला भिंतीपासून दूर सरकवलं. शेवटी कुणाकडून तरी ऐकलेलं त्याला आठवलं. त्यानं माझा प्लग उघडला, पक्कड घेतली आणि हिरवी तार कापली.

घुर्र थांबली.

"झालं की नाही?" मामा म्हणाला. "उगीच लोक इंजिनियर होतात."

सगळे हसले. ताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी मात्र त्या दिवसापासून घाबरलो तो घाबरलोच. बाहेरून काही बदललं नव्हतं. आवाज तर आधीपेक्षा चांगला येत होता. पण माझ्याखाली आता जमीन उरली नव्हती.

मामा ती गोष्ट विसरून गेला. खरंच विसरला, लपवली नाही. गाणी तयार झाली, चार लोकांनी ऐकली, त्यांतल्या एकानं दुसऱ्या गावी बोलावलं, आणि दौरे सुरू झाले.

लोकांना वाटतं, बँडचा दौरा म्हणजे मजा. खरं म्हणजे तो सामान उचलण्याचा धंदा आहे, मधूनमधून गाणं. व्हॅनची मागची सीट काढलेली. आधी ड्रम, मग मी, माझ्यावर गाद्या, गाद्यांवर विकायचे टी-शर्ट, आणि उरलेल्या जागेत धाकटा, गुडघे छातीशी घेऊन. गाव आलं की उतरवा, जिने चढा, जोडा, वाजवा, सोडा, जिने उतरा. कधी समोर गर्दी असायची. कधी इतके थोडे लोक, की ताई गाण्यांमध्ये त्यांच्याशी नावानिशी बोलायची. एकदा सगळे श्रोते आमच्याआधी वाजवून गेलेल्या बँडमधलेच निघाले. मामा माइकमध्ये म्हणाला, "तुम्ही आमचं ऐका, मग आम्ही तुमचं परत ऐकतो." झोपायला कुणाच्या तरी ओळखीच्याची बैठक, नाहीतर व्हॅनच. सकाळी एकाच ब्रशदाणीतला चुकीचा ब्रश कुणी वापरला यावरून भांडण, आणि अर्ध्या तासानं एकाच पिशवीतला पाव वाटून खाणं.

मीही सुखात राहिलो असतो. पण रस्ते होते.

माझ्या आत एक वीज आणणारी तार पत्र्याच्या कडेला टेकून गेलेली होती. एकाच जागी उभा असतो तर तिला काही झालं नसतं. पण व्हॅन खड्ड्यात गेली की मी उसळायचो, आणि ती तार कडेवर घासायची. वरचं प्लॅस्टिकचं साल रोज थोडं थोडं झिजत होतं. पुढे मामा शीळ घालत गाडी हाणायचा आणि मी मागे अंधारात प्रत्येक खड्डा मोजल्यासारखा अंगावर घ्यायचो. हळू चालव, एवढंच मला म्हणायचं असायचं.

पहिल्यांदा ते घडलं एका छोट्या सभागृहात. तयारी चालू होती. ताईनं डाव्या हातानं गिटारच्या तारा धरल्या आणि माइकला ओठ लावले. साल पातळ झालेल्या जागेतून थोडीशी वीज पत्र्यात झिरपली होती. ती वायरीतून गिटारमध्ये गेली, तिच्या बोटांतून वर चढली आणि ओठांतून माइकमध्ये उतरली. ताई झटकन मागे सरली.

"मामा, माइक चावतोय."

"माइकला दात असते तर तुझ्याच दवाखान्यात आला असता."

"थट्टा नाही रे. ओठांना झिणझिण्या आल्या. दाताचं इंजेक्शन उतरताना येतात तशा."

मामानं बेस खाली ठेवला, माइक हातात घेतला, त्यात फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" म्हणाला. त्याला काहीच झालं नाही. होणार कसं? त्याच्या दुसऱ्या हातात माझी गिटार नव्हती. त्याचा बेस वेगळ्याच पेटीत जोडलेला होता. त्यानं ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"हात गार पडलेत का?"

ताईनं तळहात एकमेकांवर चोळले.

"होतं असं. नवीन जागा आहे. मोठा श्वास घे. मी आहे ना इथे."

तो प्रेमानं म्हणाला, म्हणूनच ते वाईट झालं. रागावून म्हणाला असता तर ती भांडली असती. मी जिवाच्या आकांतानं घुरघुरायचा प्रयत्न केला. पण हिरवी तार कापल्यापासून माझा तो आवाजही अर्धा गेला होता, आणि उरलेला साउंडवाल्यानं एक बटण फिरवून बंद करून टाकला.

त्यानंतर कुठे झिणझिण्या यायच्या, कुठे नाही. आल्या की ताई डोळे मिटायची आणि गात राहायची. मला तिचा हात गिटारच्या तारांमधून कळायचा. आधी तो तारांवर पडायचा, आता बिचकत उतरायचा. ती सांगेनाशी झाली. एकदा मुक्कामाच्या घरी सगळे जेवत असताना ती माझ्याजवळ येऊन बसली आणि स्वतःच्या ओठांना बोट लावून पाहत राहिली. तेवढ्यात धाकटा मागून आला.

"परत होतंय का?"

"मामाला सांगू नकोस," ती म्हणाली. "पुन्हा तेच सुरू झालंय असं त्याला वाटेल."

"आणि तुला काय वाटतं?"

"मलाही तेच वाटतं."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं तिच्यासाठी माइकवर घालायची स्पंजची टोपी आणली. लाल, फुगीर, जोकरच्या नाकासारखी. ती घातली आणि झिणझिण्या बंद झाल्या. साहजिकच आहे. ओठ आणि माइकची जाळी यांच्यामध्ये कोरडा स्पंज आला, वीज जाणार कुठून? पण मामा खूश झाला. "पाहिलंस? टोपी घातली आणि भीती पळाली. म्हणजे होतं काय ते सगळं इथलं," असं म्हणून त्यानं ताईच्या कपाळावर टिचकी मारली. ताईही हसली. तिलाही ते पटलं. आता खरं कारण कुणी शोधणारच नव्हतं, आणि व्हॅन तर चालूच होती, खड्डे तर येतच होते. आत माझं साल झिजून तांबं दिसायला लागलं.

मग तो बागेतला कार्यक्रम आला. दुपारची वेळ, उघड्यावर बांधलेलं स्टेज. सकाळी पाऊस पडून गेला होता. पोरं फडकी घेऊन फळ्या पुसत होती, तरी फटींमधून पाणी वर येत होतं. माइकवरची लाल टोपी भिजून लोंबत होती. हातात वॉकीटॉकी घेतलेली एक बाई सगळ्यांना विचारत फिरत होती.

"तुमच्या सामानाला अर्थिंग आहे ना?"

"आमचं सगळं ठीक आहे," मामा वायरी सोडवता सोडवता म्हणाला. तिनं मान हलवली आणि पुढे गेली.

मला जोडलं, चालू केलं. चालू होताच मला कळलं. उघडी पडलेली ती तार आता पत्र्याला सरळ टेकली होती. झिरपणं वगैरे संपलं. माझं सगळं अंग जिवंत झालं होतं, आणि ते जिवंतपण गिटारच्या तारांपर्यंत जाऊन कुणाच्या तरी हाताची वाट पाहत उभं होतं. मी ओरडायला लागलो. साउंडवाल्यानं पुन्हा ते बटण फिरवलं.

ताई स्टेजवर चढली. गिटार स्टँडवर होती. तिनं हात पुढे केला आणि बोटांचं टोक तारांना लागलं न लागलं तोच मागे घेतला. ओल्या फळीवर उभी होती ती.

"मी नाही वाजवणार."

"काय झालं?"

"माहीत नाही. मला भीती वाटतेय. मी गिटारला हात लावणार नाही."

खाली लोक जमायला लागले होते. मामा तिच्याजवळ आला. मऊ आवाजात बोलून पाहिलं, पाठीवर हात ठेवला. ती हलेना.

"मामा, घाबरलेय म्हण, वेडी म्हण, काय हवं ते म्हण. पण नाही."

मामाच्या चेहऱ्यावर थकवा आला. इतक्या दिवसांचं स्टूल टाकून बसणं वाया गेल्यासारखा थकवा. "बरं," तो म्हणाला, "मी दाखवतो. मग तरी पटेल ना?"

त्यानं गिटारचा पट्टा गळ्यात घातला. ओली टोपी माइकवरून काढून टाकली. उजवा हात लाकडावर होता, डावा हात तारांवर यायचा होता. मी, जो आवाज मोठा करायलाच जन्मलो, मला एक शब्द काढता आला नाही. त्याची बोटं तारांवर मिटली. तो पुढे वाकला. ओठ जाळीला टेकले.

"हॅ..."

पुढचं आलंच नाही. त्याची मूठ तारांवर घट्ट आवळली गेली, मान मागे ताठ झाली, आणि तो तसाच उभा राहिला. माइकचा स्टँड त्याच्या अंगाला चिकटून थरथरत होता. ती वीज माझ्यातून जात होती, क्षणाक्षणाला जात होती, आणि मला ती थांबवता येत नव्हती. समोरच्या काही लोकांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. एकानं टाळी वाजवली.

धाकटा ड्रम पाडून मामाकडे धावला.

"हात लावू नको त्याला," ताई ओरडली.

धाकटा जागच्या जागी थांबला. आणि ती मामाकडे गेलीच नाही. ती माझ्याकडे आली. गुडघ्यांवर पडली, माझ्या मागे हात घातला. मला वाटलं, हिचा हात आता पत्र्याला लागणार आणि ही पण जाणार. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. पण तिनं पत्र्याला स्पर्श केला नाही. माझी काळी वायर मुठीत धरली आणि सगळा जोर लावून बोर्डातून उपटून काढली.

मी विझलो. मामा गिटारसकट फळ्यांवर कोसळला.

तो श्वास घेत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत ताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि धाकटा "मामा, बोल की, मामा, बोल की" एवढंच म्हणत होता. स्ट्रेचरवर घेताना मामानं डोळे उघडले. "लोकांना सांगा, थोडा उशीर होईल," असं काहीतरी पुटपुटला.

इस्पितळात त्याच्या हृदयावर लक्ष ठेवलं, मग घरी सोडलं. डाव्या तळहातावर गिटारच्या तारांचे सरळ काळे चट्टे उमटले होते. ते मी पाहिले, कारण सुटल्यावर तो आधी त्या गोदामामागच्या खोलीत आला. मी कोपऱ्यात होतो. धाकट्यानं माझा प्लग आधीच उघडून ठेवला होता. ताईनं तो मामासमोर धरला. हिरव्या तारेचं कापलेलं टोक स्वच्छ दिसत होतं.

मामानं उजव्या हाताच्या बोटानं ते टोक चाचपलं.

"घुर्र येत होती," तो म्हणाला.

मग त्यानं ताईकडे पाहिलं.

"तू सांगत होतीस मला. पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

"नंतर मीच सांगायचं सोडलं," ताई म्हणाली. "मलाही खरं वाटेना. मला वाटलं, माझंच डोकं."

"ते माझ्यामुळे."

"हो," ताई म्हणाली. "तुझ्यामुळे."

मामानं मान खाली घातली. ती उठली, त्याच्या भाजलेल्या हाताखाली उशी सरकवली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. धाकटा भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळत होता. गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत होता.

मला फेकून द्यावं, असं धाकट्याचं मत होतं. ताईनं ऐकलं नाही. तिनं मला स्वतः दुरुस्तीला नेलं आणि दुकानात समोर खुर्ची टाकून बसली. दुकानदारानं सोललेली तार काढली, नवी घातली, पत्र्याच्या कडेवर रबर बसवलं, नवा प्लग लावला. हिरवी तार जोडल्यावर तिनं ती मागून घेतली आणि ओढून पाहिली.

आता मी पुन्हा त्याच खोलीत आहे. दौरे अजून सुरू झालेले नाहीत. मामाची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत, तो सोपे सूर वाजवतो. मी बरा झालोय, असं सगळे म्हणतात. पण चालू करताना बटणाचा टक् असा आवाज आला की मी आतून आक्रसतो. बरं होणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

तुमच्याकडेही माझ्यासारखं काहीतरी असेल. एखादी इस्त्री, एखादा फ्रिज, पाणी तापवायचं यंत्र. घरात कुणी म्हणालं की हात लावला की झोंबतं, तर हसू नका. आधी बटण बंद करा, मग बोला. आणि जो आधीच घाबरट म्हणून ओळखला जातो, त्याचं तर जरूर ऐका.

परवाचीच गोष्ट. तालीम चालू होती. टेस्टर लावून सगळं तपासलेलं होतं, ताईनं स्वतः तपासलं होतं. दुसऱ्या कडव्यात ती थांबली आणि म्हणाली, "झिणझिण्या आल्या."

माझ्या अंगात काहीही नव्हतं. शपथेवर सांगतो, माझा पत्रा थंड आणि निर्जीव होता. तिच्या ओठांवर होतं ते खरोखर मनातलंच होतं या वेळी.

मामानं बेस खाली ठेवला. उठून माझं बटण बंद केलं, प्लग काढला. धाकट्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. मामानं प्लग उघडून आतली तार तिला दाखवली, पुन्हा लावला, बटण चालू केलं, टेस्टर माझ्या पत्र्याला, गिटारला, माइकला, सगळीकडे धरला. दिवा लागला नाही. तो टेस्टर त्यानं तिच्या हातात दिला. तिनंही सगळीकडे धरून पाहिला.

"काही नाहीये," ती म्हणाली.

"नसेलही," मामा म्हणाला. "पुन्हा आल्या तर सांग. पुन्हा बघू."

मग ते पहिल्यापासून सुरू झाले. त्या कडव्यात ती पुन्हा थांबली, आणि मामा पुन्हा उठला.